अमेरिकेतल्या खेड्यात लॅटिनो मुलांबरोबर आरोग्याचं काम: नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाचा तिथल्या खेड्यांशी संबंध येतो तो बहुतेक हायवेवर पेट्रोल भरण्यापुरता. काही जण मात्र खेड्यातच येऊन पडतात. जे-१ व्हिसावर शाळेत शिकवायला आलेले शिक्षक, पब्लिक हेल्थ शिकताना प्रत्यक्ष कामासाठी पाठवलेले विद्यार्थी, डॉक्टर कमी असलेल्या गावात नोकरी घेतलेल्यांचे नवरे-बायका. वेळ असतो, काहीतरी करावंसं वाटत असतं, आणि शाळा घरापासून दोन गल्ल्यांवर असते. शाळेत बहुसंख्य मुलं लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या कुटुंबांतली असतात. हा लेख अशा मंडळींसाठी आहे.

उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतली, म्हणजे फ्रेस्नो, टुलेरी, कर्न या काउंट्यांतली आहेत. वॉशिंग्टन राज्यातलं याकिमाचं खोरं, नॉर्थ कॅरोलायनाचा पूर्व भाग किंवा कॅन्ससमधलं गार्डन सिटी इथे तपशील वेगळे, पण कामाची रीत साधारण हीच.

एक गोष्ट आधीच सांगते. बारा ते अठरा वयाच्या या मुलांना सोडा वाईट आणि भाजी चांगली हे पहिलीपासून ऐकवलेलं आहे. तेच पुन्हा सांगायला जाल तर मुलं हसून मान डोलावतील आणि फोन काढतील. त्यांच्या सवयी ठरतात त्या नळाला कसलं पाणी येतं, बस किती वाजता सुटते आणि संध्याकाळी लहान भावंडं कोण सांभाळतं यावर. हात तिथे घालायचा आहे.

१. गाव कोणाचं आहे ते आधी समजून घ्या

‘लॅटिनो’ या एका शब्दाखाली फार माणसं येतात. सेंट्रल व्हॅलीत बहुतेक कुटुंबं मूळची मेक्सिकोची. त्यातली कित्येक ओआहाका राज्यातली मूलनिवासी असून घरात मिश्तेको, सापोतेको किंवा त्रिकी बोलतात. अशा घरातल्या आजीला स्पॅनिश जेमतेम येत असतं. मिडवेस्टमधल्या मांस कारखान्यांच्या गावांत ग्वातेमालाची माया कुटुंबं भेटतात, तिथे घरची भाषा माम किंवा किचे असू शकते. प्वेर्तो रिकोची माणसं तर जन्माने अमेरिकन नागरिक. तेव्हा ‘स्पॅनिशमध्ये पत्रक छापलं, काम झालं’ असं होत नाही. घरी कोणती भाषा बोलतात, हे शाळेला प्रवेशाच्या वेळी भरलेल्या फॉर्मवरून साधारण कळलेलं असतं, पण मिश्तेको बोलणारे पुष्कळ पालक संकोचाने तिथे ‘स्पॅनिश’ लिहितात, हे लक्षात ठेवा.

आडनावं दोन असतात, पहिलं वडिलांचं आणि दुसरं आईचं. यादीत दुसरंच आडनाव धरून मूल शोधायला जाल तर सापडणार नाही. आणि तुमचा रंग पाहून मुलं, पालक, अगदी दुकानदारसुद्धा तुमच्याशी थेट स्पॅनिशमध्ये बोलायला लागतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट थोडं स्पॅनिश शिका. मोठ्या माणसांशी ‘उस्तेद’ने, म्हणजे आदराच्या ‘तुम्ही’ने बोलायचं, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

मग पिकांचं कॅलेंडर मिळवा. खोऱ्याच्या दक्षिण भागात द्राक्षांची तोड ऑगस्ट-सप्टेंबरात जोरात असते, संत्री-मोसंबी हिवाळ्यात. तोडीच्या दिवसांत आईवडील पहाटे चारला बाहेर पडतात. काही कुटुंबं पीक संपलं की दुसऱ्या राज्यात जातात, काही नाताळाच्या सुमारास मेक्सिकोला जाऊन सुट्टी संपल्यावर बऱ्याच दिवसांनी परततात. पिकांच्या मागे गावं बदलणाऱ्या मुलांसाठी १९६६ पासून संघीय सरकारचा मायग्रंट एज्युकेशन प्रोग्रॅम आहे. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, तो सांभाळणारा माणूस शोधा. कोणतं कुटुंब कुठे राहतं आणि कोणत्या महिन्यात नसतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

२. दारातले कागद

कॅलिफोर्नियात शाळेत नियमित यायचं तर बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते, त्याला तिथे ‘लाइव्ह स्कॅन’ म्हणतात. क्षयरोगाचा कागदही लागतो. हे व्हायला वेळ जातो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच अर्ज टाका.

मुलांना प्रश्नावली वाटायची असेल तर थांबा. मानसिक आरोग्य, लैंगिकता, व्यसन, घरचं उत्पन्न या विषयांवर मुलांना विचारण्याआधी पालकांना कळवणं, काही बाबतीत लेखी संमती घेणं कायद्याने बंधनकारक आहे. शाळेतल्या नोंदीही खाजगी असतात, १९७४ पासून त्यासाठी कायदा आहे.

आणि इमिग्रेशनबद्दल काहीही, कधीही, कोणालाही विचारू नका. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कागदपत्रं नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून बाहेर ठेवता येणार नाही. पण कायदा कागदावर असला तरी भीती घरात असते. कार्यक्रमाला आलेल्या पालकांकडून नाव-पत्ता लिहून घेण्याची वही दारात ठेवलीत तर पुढच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. किती जण आले, तेवढं मोजा.

प्रिन्सिपलची परवानगी घेतल्यावर खरी ओळख करून घ्यायची ती ऑफिसमधल्या सेक्रेटरीशी, कॅफेटेरियाच्या मॅनेजरशी, सफाई कामगाराशी आणि बस ड्रायव्हरशी. नर्स बहुधा तीन-चार शाळांत विभागलेली असते, ती कोणत्या वारी येते ते विचारून ठेवा.

३. मुलांचा दिवस कागदावर मांडा

कार्यक्रम आखण्याआधी चार-पाच मुलांना त्यांचा कालचा दिवस तासातासाने लिहायला सांगा. नावं नकोत. मुलं हे आवडीने करतात, कारण असं त्यांना कोणी विचारत नाही.

त्या कागदांवर साधारण असं दिसेल: आईवडील चारला निघाले, तेव्हा जाग आली. सहाला धाकट्या बहिणीला तयार केलं. पावणेसातला बस. शाळेत पोचेपर्यंत ब्रेकफास्टची खिडकी बंद. लंचची रांग एवढी लांब की बसून खायला दहा-बारा मिनिटं. तीनला सुट्टी, सराव नाही कारण नंतर बस नाही. घरी भावंडं. रात्री अकरानंतर गृहपाठ, मग फोन. शनिवारी मामाबरोबर मळ्यात.

किशोरवयात ८ ते १० तास झोप हवी. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२२ पासून हायस्कूल सकाळी साडेआठच्या आधी आणि मिडल स्कूल आठच्या आधी भरवायला मनाई केली, पण त्या कायद्यातून ग्रामीण डिस्ट्रिक्ट वगळले. म्हणजे ज्या मुलांचा बसचा प्रवास सगळ्यांत लांब, त्यांनाच ही सवलत नाही. ‘लवकर झोपा’ असं सांगण्याआधी हे माहीत असावं.

तसंच मजुरीचं. संघीय कायद्याप्रमाणे आईवडिलांच्या संमतीने १२ वर्षांचं मूलसुद्धा शाळेच्या वेळेबाहेर शेतात काम करू शकतं. शनिवारी आठ तास द्राक्षं तोडलेल्या मुलाला सोमवारी ‘दररोज ६० मिनिटं हालचाल करा’ असा तक्ता दाखवलात, तर तो काही बोलणार नाही. पुढच्या वेळी येणारही नाही.

या कागदांतून एकच गोष्ट निवडा, एका वर्षात एकच. मी म्हणेन, पेय निवडा. परिणाम लवकर दिसतो, खर्च कमी, आणि मुलांना वाद घालायला भरपूर जागा.

४. पाण्यापासून सुरुवात

नवीन माणूस इथे हमखास फसतो. ‘सोडा सोडा, पाणी प्या’ अशी पोस्टरं लावतो. मुलं म्हणतात, ‘आमच्या नळाचं पाणी पिऊ नका असं आई सांगते.’ नवीन माणसाला तो गैरसमज वाटतो. पुष्कळदा आई बरोबर असते.

सेंट्रल व्हॅलीतल्या अनेक छोट्या गावांच्या भूजलात खतांतून आणि डेअरींतून उतरलेलं नायट्रेट आहे, काही ठिकाणी आर्सेनिक. २०१४ च्या दुष्काळात टुलेरी काउंटीतल्या ईस्ट पोर्टरव्हिल गावात घरोघरच्या विहिरी आटल्या आणि माणसं टाकीच्या पाण्यावर राहिली. स्वच्छ पाणी हा माणसाचा हक्क आहे असं कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये कायद्यात लिहिलं, २०१९ मध्ये त्यासाठी वेगळा निधीही उभारला, पण खासगी विहिरीवर असलेली घरं अजून आहेत. ज्या पालकांनी बाटलीबंद पाण्याला पैसे मोजले आणि त्याच दुकानातून स्वस्त सोडाही आणला, त्यांना अडाणी समजू नका.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी शाळेचं पाणी कुठून येतं ते शोधा: गावच्या पुरवठ्याचं की शाळेच्या स्वतःच्या विहिरीचं. सार्वजनिक पुरवठादाराला दरवर्षी १ जुलैपर्यंत पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल ग्राहकांना द्यावा लागतो, तो मागवा. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम (नायट्रोजन म्हणून मोजलेलं) आणि आर्सेनिकची लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. आकडा मर्यादेच्या वर असेल तर पोस्टर वगैरे बाजूला ठेवून डिस्ट्रिक्टच्या देखभाल विभागाकडे जा. कॅलिफोर्नियात शाळांच्या नळांची शिशासाठीही तपासणी झालेली असते, तिचा निकाल मागा.

घरच्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण उलटं करणारे बरेच असतात: नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट उरतं, त्यामुळे उकळलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच. बाळाचं दूध कालवण्यासाठी हे पाणी वापरलं तर जीवावर बेतू शकतं.

शाळेचं पाणी चांगलं निघालं, किंवा फिल्टर बसवून चांगलं झालं, की मग मुलांपुढे जा आणि तो अहवाल त्यांच्याच हातात द्या. दहावीच्या मुलाला तो वाचता येतो. विज्ञानाच्या शिक्षिकेला बरोबर घेतलंत तर मुलं स्वतः नमुने तपासतील आणि निकाल स्पॅनिशमध्ये लिहून भिंतीवर लावतील. त्या कागदावर पालकांचा जेवढा विश्वास बसतो तेवढा तुमच्या कागदावर बसणार नाही.

नंतर बाटली भरायच्या नळाकडे वळा. जुन्या वाकून प्यायच्या कारंज्याचं पाणी कोमट असतं, धारेला जोर नसतो, आणि मोठ्या मुलांना तिथे वाकणं कमीपणाचं वाटतं. थंड पाण्याचा, फिल्टरचा, बाटली उभी ठेवून भरता येणारा नळ कॅफेटेरियाच्या दाराशी आणि जिमपाशी बसवायचा. आग्वा फोर ऑल या उपक्रमाने दक्षिण कर्न काउंटीत शाळांतून आणि सार्वजनिक जागी असे नळ बसवले आहेत, त्याचा दाखला द्या. जेवणाच्या जागी मोफत पिण्याचं पाणी ठेवणं २०१० च्या संघीय कायद्यापासून शाळांना सक्तीचं आहे, त्यामुळे तुम्ही उपकार मागत नाही आहात. नळ बसला की रिकाम्या बाटल्या वाटा. बाटली वर्गात ठेवू देत नाहीत असं निघालं तर तो नियम आधी बदलून घ्या.

सगळं इतकं झाल्यावर साखरेचं गणित करा, आधी नाही. ३५५ मिलिलिटरच्या कोकच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ दहा चमचे. मुलांनी दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावं असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. मॉन्स्टर या एनर्जी ड्रिंकच्या मोठ्या कॅनमध्ये ५४ ग्रॅम साखर आणि १६० मिलिग्रॅम कॅफीन. एनर्जी ड्रिंक मुलांनी पिऊच नयेत, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगत आलेली आहे. पहाटे चारला उठलेलं मूल मॉन्स्टर का पितं, हे तिसऱ्या पायरीच्या कागदावर आधीच लिहिलेलं आहे.

घरची पेयं सोडून देऊ नका. आग्वा दे हामाइका म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या जातीच्या बोंडांचं सरबत. त्यात वाईट काही असेल तर ती साखर. मुलांकडूनच तीन पातेली करवून घ्या: नेहमीएवढी साखर, निम्मी, पाव. डोळे बांधून चव घ्यायला लावा आणि मतं घ्या. चिंचेच्या, काकडी-लिंबाच्या पाण्याचंही तसंच करता येतं.

५. कॅफेटेरियाशी भांडू नका

शाळेतलं जेवण १९४६ च्या कायद्याने सुरू झालं आणि त्याचे नियम कॅफेटेरियाची मॅनेजर बनवत नाही. कॅलिफोर्नियात २०२२-२३ पासून सगळ्या मुलांना दोन वेळचं खाणं मोफत आहे. इतर राज्यांत गरीब वस्तीच्या शाळा सगळ्यांना मोफत जेवण देऊ शकतात, त्यासाठीची अट २०२३ मध्ये शिथिल झाली. तुमची शाळा त्यात बसते का ते विचारा.

हायस्कूलमध्ये बहुधा पद्धत अशी: जेवणाच्या पाच घटकांपैकी (धान्य, प्रथिनं, भाजी, फळ, दूध) निदान तीन घ्यायचे, त्यातला एक अर्धा कप फळ किंवा भाजी. त्यामुळे मुलं सफरचंद उचलतात आणि सरळ कचऱ्यात टाकतात. इथे करण्यासारखं बरंच आहे. सफरचंद कापून दिलं की खाल्लं जातं. हिकामा (कच्चा खायचा कुरकुरीत कंद) आणि काकडीच्या फोडी लिंबू-मिरचीबरोबर ठेवल्या तर आधी त्या संपतात (ताहीन या तयार लिंबू-मिरची मसाल्यात मीठ असतं, त्यामुळे मॅनेजर हात आखडता घेईल, तिला लिंबू आणि नुसती मिरची सुचवा). न खाल्लेली फळं, दुधाचे खोके ठेवायला एक सामायिक टेबल ठेवता येतं, भुकेली मुलं त्यावरून उचलतात. आणि ब्रेकफास्ट पहिल्या तासानंतर दारात पिशवीतून द्यायला सुरुवात केली, तर उशिरा येणाऱ्या बसमधल्या मुलांची सोय होते. एवढ्या एका बदलासाठी सहा महिने खपलात तरी वाया जाणार नाहीत.

नियमात एक भोक आहे. शाळेत विकायच्या खाऊवर २०१४ पासून साखर-मीठ-कॅलरींच्या मर्यादा आहेत, पण त्या शाळा सुटून अर्धा तास होईपर्यंतच. त्यानंतर सामन्याच्या वेळी बँडची नाहीतर फुटबॉल टीमची पालक मंडळी नाचोज, ताकिस नावाचे तिखट चिप्स आणि सोडा विकून निधी गोळा करतात. तिथे बंदी मागायला गेलात तर गावाशी वैर घ्याल, कारण गणवेशाचे पैसे त्यातूनच येतात. शेजारी फळांचे कप आणि भाजलेली कणसं विकायचं टेबल लावा आणि नफा त्याच टीमला द्या. फळांचे कप गाड्यांवर विकणाऱ्या बायका गावात असतातच, त्यांना बोलवा.

६. घरच्या जेवणाला नावं ठेवू नका

फ्रिहोलेस म्हणजे घेवड्याची उसळ, मक्याच्या तोर्तिया म्हणजे पातळ भाकऱ्या, नोपालेस म्हणजे निवडुंगाची पानं, भोपळा, टोमॅटो, मिरची. वेर्दोलागास म्हणजे आपली घोळ, तीच आंबट रसाळ भाजी. अमारांतोच्या आलेग्रिया नावाच्या वड्या खाल्ल्यात तर राजगिऱ्याची वडी आठवेल. चुन्यात शिजवलेल्या मक्याच्या पिठाची तोर्तिया शाळेच्या जेवणाच्या नियमांतही पूर्ण धान्यात मोजली जाते. अमेरिकेत जितकी वर्षं काढावी तितकी ताटातली डाळ-उसळ कमी होते आणि सोडा, फास्ट फूड वाढतं, हे स्थलांतरितांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आपल्या घरांतही वेगळं काय चाललंय? त्यामुळे ‘तोर्तिया सोडा, ब्राउन राइस खा’ असलं काही सांगू नका. आजीला शाळेत बोलवा, नोपालेसचे काटे कसे काढायचे ते मुलांना शिकवायला लावा.

मधुमेह या घरांत अनोळखी नसतो. पुष्कळ कुटुंबांत तो मोठ्या धक्क्याने, भीतीने होतो असं मानतात, त्याला ‘सुस्तो’ म्हणतात. खोडून काढायच्या भानगडीत पडू नका. ‘हो, ताण वाईटच, आणि त्याबरोबर हेही’ असं म्हणून पुढे बोललात तर बोलणं चालू राहतं.

७. हालचाल: मैदान, हवा, बस

कर्न काउंटीतल्या मॅकफार्लंड गावाच्या हायस्कूलने १९८७ मध्ये क्रॉस कंट्रीचं पहिलं राज्य विजेतेपद जिंकलं आणि जिम व्हाइट या प्रशिक्षकाच्या हाताखाली एकूण नऊ वेळा. धावणारी मुलं शेतमजुरांची होती. खोऱ्यातल्या कोणत्याही मुलाला ही गोष्ट माहीत असते, तेव्हा ती त्याला पुन्हा सांगत बसू नका. त्या प्रशिक्षकाचं काम घ्या: मुलांच्या घरच्यांना ओळखणं आणि त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून सराव ठेवणं.

लॅटिनो म्हणजे सॉकर, हेही धरून चालू नका. ओआहाकाच्या डोंगराळ गावांत बास्केटबॉलचं वेड आहे, तिथल्या गेलाताओ गावात दर मार्चला कोपा बेनितो हुआरेस स्पर्धा भरते आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मंडळीही आपल्या स्पर्धा भरवतात. मुलींसाठी फोल्क्लोरिको या मेक्सिकन लोकनृत्याचा गट चांगला चालतो. घागऱ्यांसह तासभर नाचणं हा दमवणारा व्यायाम आहे, आणि जी आई मुलीला ट्रॅकवर पाठवायला कुरकुरते ती नाचाला सहसा नाही म्हणत नाही. धाकट्या भावंडाला बरोबर आणायची मुभा द्या, निम्म्या मुलींची अडचण तिथेच सुटते.

बाहेर पळवण्याआधी हवा बघा. हवेचा निर्देशांक १५० च्या वर असेल तर सराव आत घ्या, वणव्यांच्या दिवसांत हे वारंवार होतं. कर्नच्या मातीत व्हॅली फीव्हर या फुप्फुसाच्या आजाराची बुरशी असते, धुळीच्या वादळात मैदान टाळा. शाळेपासून पाव मैलाच्या आत सोमवार ते शुक्रवार सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळात बऱ्याच प्रकारच्या कीटकनाशक फवारण्या करायला २०१८ पासून मनाई आहे. शनिवारचा सराव त्यात येत नाही, त्यासाठी शेजारच्या बागायतदाराचा फोन नंबर जवळ हवा.

आणि उशिराची बस. ती नसेल तर बाकीची योजना फक्त गाडी असलेल्या घरांसाठी आहे असं समजा.

८. वजनकाटा नको

मुलांचं वजन सगळ्यांदेखत करू नका, बीएमआयची पत्रं घरी पाठवू नका, ‘वजन कमी करा’ स्पर्धा घेऊ नका. घरात ‘गोर्दितो’ (गोलू) म्हणून लाडाने हाक मारतात, पण ती हाक घरच्यांची. किशोरवयात खाण्याचे विकार अनेकदा उपास आणि तुलनेतून सुरू होतात. काळजी वाटलेल्या मुलाला नर्सकडे पाठवा, नर्स सरकारी मदतीवर चालणाऱ्या अशा आरोग्य केंद्राकडे पाठवेल, जिथे विमा नसला तरी उत्पन्नाप्रमाणे फी घेतात.

मनाचंही ऐकायला लागेल. पाण्याबद्दल बोलायला आलेली मुलगी अचानक बाबांना पकडतील या भीतीबद्दल बोलते. तुम्ही समुपदेशक नाही, म्हणून काउन्सेलरचं नाव तयार ठेवा आणि ९८८ हा आत्महत्या आणि मानसिक संकटासाठीच्या मदतवाहिनीचा नंबर बाटल्यांवर चिकटवा. त्यावर २ दाबलं की स्पॅनिशमध्ये बोलता येतं, त्याच नंबरावर ‘AYUDA’ (आयूदा, म्हणजे मदत) असा मेसेज करूनही मदत मिळते. स्वतःच्या जीवाबद्दल मूल काही बोललं तर ते गुपित ठेवायचं नसतं, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

९. आईवडील

सभा तोडीच्या हंगामात नको. ठेवलीच तर संध्याकाळी साडेसहानंतर, जेवण आणि मुलांना सांभाळायला कोणीतरी, ही दोन्ही असली तरच. ईमेल वाचले जात नाहीत, व्हॉट्सॲपवरचा आवाजातला निरोप ऐकला जातो. फ्रेस्नोहून चालणारं रेडिओ बिलिंग्वे मळ्यात कामावर ऐकतात, तिथे कार्यक्रमाची घोषणा करवून घेता आली तर उत्तम.

मुलाला दुभाषा करू नका. आईच्या रक्तातली साखर सांगण्याचं काम तेरा वर्षांच्या पोराचं नाही. मिश्तेकोसारख्या भाषांचे दुभाषे ओआहाकाच्या मूलनिवासींसाठी काम करणाऱ्या संस्थांकडून मिळतात, फ्रेस्नोत अशी एक जुनी संस्था आहे. प्रोमोतोरा, म्हणजे त्याच वस्तीतली प्रशिक्षित आरोग्यसेविका, मिळाली तर सभेचं सूत्र तिच्या हाती द्या आणि तुम्ही खुर्च्या लावा. आपल्याकडच्या आशाताईंचं काम पाहिलं असेल तर यात नवल वाटणार नाही.

२१ किंवा अधिक इंग्रजी शिकणारी मुलं असलेल्या कॅलिफोर्नियाच्या प्रत्येक शाळेत त्यांच्या पालकांची सल्लागार समिती असते. वेगळी सभा भरवण्यापेक्षा त्या बैठकीत पंधरा मिनिटं मागून घ्या.

१०. मुलांना बोर्डापुढे उभं करा

आठ-दहा मुलांना फोनवर फोटो काढायला सांगा: मला पाणी प्यायला, खायला, खेळायला, झोपायला काय मदत करतं आणि काय आडवं येतं. चेहरे नकोत, घराचे नंबर नकोत. फोटोंवर बसून बोला, दोन-तीन मागण्या ठरवा. मग शालेय बोर्डाच्या जाहीर बैठकीत नागरिकांना बोलायला जो वेळ देतात, त्यात मुलांनी बोलावं. बंद पडलेल्या नळाचा फोटो सोळा वर्षांच्या मुलीने दाखवला की बोर्डाला उत्तर द्यावंच लागतं.

संघीय जेवण योजनेतल्या प्रत्येक डिस्ट्रिक्टला आरोग्य धोरण लिहून ठेवावं लागतं, २००४ पासून. दर तीन वर्षांनी त्याचा आढावा घ्यायचा असतो आणि त्यात विद्यार्थी, पालकांना सहभागी होऊ द्यायचं असतं. बहुतेक ठिकाणी ते फाइलीत धूळ खात पडलेलं असतं. मागा, वाचा, मुलांच्या मागण्या त्यात घालून घ्या. तुम्ही गेल्यावरही ते कलम राहील.

मोजमाप साधं ठेवा. बाटलीच्या नळावर किती बाटल्या भरल्या त्याचा आकडा दिसतो, तो दर शुक्रवारी मुलांनी लिहावा. कचऱ्यात गेलेली सफरचंदं मोजावी. पहिल्या तासानंतर किती ब्रेकफास्ट गेले ते मॅनेजर सांगेल.

११. मे महिना येण्याआधी

शाळा मे अखेर-जूनमध्ये बंद होते आणि तिच्याबरोबर दोन वेळचं जेवण, थंड पाणी, जिम, सगळंच बंद होतं. ग्रामीण भागात उन्हाळी जेवण तिथेच बसून खाण्याऐवजी घरी नेण्याची मुभा २०२३ पासून कायमची आहे. तुमच्या डिस्ट्रिक्टने ती घेतली आहे का, ते मार्चमध्येच विचारा. २०२४ पासून कॅलिफोर्नियासह बऱ्याच राज्यांत पात्र मुलामागे उन्हाळ्यासाठी १२० डॉलर किराण्याच्या कार्डावर मिळतात.

इथे अडचण येते ती ऑगस्टमध्ये भरायच्या उत्पन्नाच्या फॉर्ममुळे. जेवण सगळ्यांनाच मोफत, म्हणून पालक फॉर्म भरत नाहीत, आणि मग मूल यादीतून सुटून १२० डॉलर हुकतात. शिवाय त्यात सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागितलेले दिसतात, तिथेच अनेक आया पेन खाली ठेवतात. त्या रकान्याशेजारी ‘नंबर नाही’ असा चौकोन असतो, त्यावर खूण करून फॉर्म पूर्ण होतो, आणि इमिग्रेशनचा दर्जा त्यात कुठेही विचारलेला नसतो. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात वेळापत्रक घ्यायला पालक ऑफिसात येतात, तेव्हा एक टेबल, दोन पेनं आणि मिश्तेको येणारी एक बाई घेऊन तिथे बसा.